रात्रपाळीचा मेंदू

एका अंगास इंद्रायणीकाठची उरलीसुरली शेते, आणि दुसऱ्या अंगास पत्र्याच्या छपराखालच्या यंत्रशाळा, संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती व चाकणच्या दिशेने रात्रंदिवस धावणारी अवजड वाहने, अशी ज्या तळवड्याची आजची स्थिती आहे, तेथे मेंदूविषयी लोक जो प्रश्न खरोखर विचारतात तो बुद्धीचा किंवा स्मरणशक्तीचा नसून झोपेचा असतो. रात्रभर कंपनीत उभा राहिलेला माणूस सकाळी आठ वाजता घरी येतो, अंग मोडून आलेले असते, डोळे चुरचुरत असतात, दोन घास खाऊन तो आडवा होतो आणि तत्काळ झोपीही जातो. पण अकरा-साडेअकराच्या सुमारास, कोणी हाक मारलेली नसता, त्याचे डोळे उघडतात ते पुन्हा मिटतच नाहीत. हे असे का व्हावे? आणि वर्षानुवर्षे तिसरी पाळी करूनही शरीराला तिची सवय का जडू नये? घरातील वडीलधारी मंडळी उष्णतेला दोष देतात, सुपरवायझर मोबाइलला दोष देतो, आणि तो माणूस स्वतः आपल्या निर्धाराला बोल लावतो.

तिघांचेही निदान चुकलेले आहे असे माझे मत आहे, आणि ते का चुकले हे सांगण्यासाठीच या प्रकरणाचा प्रपंच आहे. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली आणि १९९७ साली तळवडे तिच्या हद्दीत आले. म्हणजे सूर्याच्या उदयास्तावर चालणारा येथील दिवस पाळ्यांच्या भोंग्यावर चालू लागला, तो जेमतेम दोन पिढ्यांच्या अवधीत. मेंदूतील जी यंत्रणा झोपेचा कारभार पाहते तिला मात्र या फेरबदलाची वार्ता अद्याप पोहोचलेली नाही.

१. कवटीच्या आतील मांडणी

प्रौढ माणसाचा मेंदू सुमारे १,३०० ते १,४०० ग्रॅम वजनाचा असतो. देहाच्या वजनाशी ताडून पाहिले तर हा भाग फार तर दोन टक्के भरतो. पण स्वस्थ बसलेले शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते, तिचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो, आणि झोपेतही ही मागणी थांबत नाही. मेंदूचा केवळ दहा टक्के भाग आपण वापरतो, अशी जी समजूत सर्वत्र पसरली आहे, तिला छेद द्यायला एवढा एकच आकडा पुरेसा आहे: नव्वद टक्के रिकाम्या बसलेल्या अवयवाला शरीराने इतका खर्च कधीच मंजूर केला नसता.

मेंदूचे ढोबळ मानाने तीन भाग पडतात. सर्वांत वर व सर्वांत मोठा तो मोठा मेंदू, म्हणजेच प्रमस्तिष्क. त्याचा सुरकुत्या पडलेला बाहेरचा थर काही मिलिमीटर जाडीचा असून, पाहणे, ऐकणे, भाषा, योजना आणि विचार या व्यवहारांचे मोठे काम त्या थरात चालते. कपाळामागील भाग पुढचा विचार करणे, मोहाला आवर घालणे व एका गोष्टीवर लक्ष टिकवून धरणे यांसाठी विशेष जबाबदार आहे. या भागाशी आपली पहाटे चारच्या सुमारास पुन्हा गाठ पडणार आहे. तिसरा भाग, जो मस्तिष्कस्तंभ, तो मेंदूच्या तळाशी मज्जारज्जूला जोडलेला असतो. श्वास, हृदयाची गती आणि जागेपण यांचा पहारा त्याच्याकडे असतो आणि त्याला आयुष्यात एक दिवसाचीही रजा मिळत नाही.

या दोहोंच्या मधला, डोक्याच्या मागच्या बाजूस खाली असलेला लहान मेंदू, अर्थात अनुमस्तिष्क, याच्याविषयी मात्र थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण कारखान्यात जे हातांचे कौशल्य म्हणून नावाजले जाते त्याचे हे घर आहे. वजनाने हा संपूर्ण मेंदूच्या दहाव्या हिश्श्याइतकाच. पण २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीप्रमाणे मानवी मेंदूत ज्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत, त्यांपैकी जवळजवळ ८० टक्के या लहानशा भागात दाटीवाटीने वसलेल्या आहेत. चेतापेशी म्हणजे विद्युत्-संदेश घेणारी व पुढे देणारी पेशी. तिच्या या देवाणघेवाणीखेरीज मेंदूत दुसरे काहीही घडत नाही असे म्हटले तरी चालेल. नवा हेल्पर लेथवर पहिल्यांदा उभा राहतो तेव्हा प्रत्येक हालचाल तो विचारपूर्वक करतो आणि प्रत्येक हालचाल चुकतमाकत होते. काही महिन्यांनी तोच हात हँडल फिरवताना कोठे थांबायचे हे त्याला न विचारता ठरवू लागतो. या अवधीत लहान मेंदूने हातून झालेल्या प्रत्येक चुकीची नोंद घेऊन पुढच्या हालचालीत दुरुस्ती केलेली असते.

हा भाग बिघडला म्हणजे काय होते, याचे एक महत्त्वाचे वर्णन आपल्या मुंबईतूनच जगासमोर गेले. जे. जे. रुग्णालयातील विख्यात मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९७१ साली नऊ कुटुंबांतील अशा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, की ज्यांची चाल डळमळीत व बोलणे अडखळते झाले होते आणि ज्यांच्या डोळ्यांची एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर उडी घेण्याची गती विलक्षण मंदावली होती. व्याधी आनुवंशिक होती. या रुग्णांना काय करायचे ते कळत होते, स्नायूंत बळ होते, तरी हालचालीचे नेमके माप चुकत होते. इच्छा, बळ आणि माप ही तीन निरनिराळ्या ठिकाणची कामे आहेत, हे त्या नऊ कुटुंबांच्या दुर्दैवातून जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही आकृतीतून दिसत नाही. झोपेच्या बाबतीतही हाच विचार पुढे न्यायचा आहे: झोपण्याची इच्छा, झोपेची गरज आणि झोपेची वेळ यांचा हिशेब मेंदूत एकाच ठिकाणी ठेवला जात नाही.

२. झोप कोण आणतो?

दिवसभराच्या श्रमाने मेंदू थकतो आणि बंद पडतो, ती झोप, असे सामान्यतः मानले जाते, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत शास्त्रज्ञांचीही समजूत याहून फार वेगळी नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९१६-१७ च्या सुमारास, व्हिएन्ना शहरात मेंदूच्या दाहाची एक चमत्कारिक साथ आली. बरेचसे रुग्ण दिवसच्या दिवस झोपून राहत. पण काही रुग्णांची अवस्था नेमकी उलट होती, त्यांना झोप म्हणून येतच नसे. कॉन्स्टान्टिन फॉन इकॉनोमो या वैद्याने मृत रुग्णांच्या मेंदूंची तपासणी केली, तेव्हा त्याला असे आढळले की अतिनिद्रेच्या रुग्णांत हायपोथॅलॅमस नावाच्या भागाच्या मागच्या बाजूस इजा होती, तर निद्रानाशाच्या रुग्णांत त्याच भागाच्या पुढच्या बाजूस होती.

हायपोथॅलॅमस हा मोठ्या मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळापासून सरळ मागे गेले असता मध्यावर येणारा, अवघा चार ग्रॅमच्या आसपास वजनाचा भाग होय. भूक, तहान, शरीराचे तापमान, अंतःस्रावी ग्रंथींचे नियंत्रण, एवढी सगळी खाती या मूठभरही नसलेल्या जागेत नांदतात. फॉन इकॉनोमोच्या निरीक्षणाचा अर्थ असा, की पुढच्या बाजूच्या पेशी झोप आणतात आणि मागच्या बाजूची यंत्रणा जाग राखते. पुढे १९४९ साली मोरुझ्झी व मॅगून या संशोधकांनी प्राण्यांच्या मस्तिष्कस्तंभातील जाळीदार भागाला सौम्य विद्युत्-प्रवाह दिला, तेव्हा मोठ्या मेंदूवरील निद्रेच्या लहरी लोपून जागृतीच्या लहरी उमटल्या. तात्पर्य, झोप ही मेंदू थकून आपोआप येणारी अवस्था नाही. ती आणावी लागते, आणि आणणारे व हाकलणारे पक्ष एकमेकांस दाबून ठेवतात. एकाचा जोर झाला की दुसरा मूग गिळून बसतो. म्हणूनच झोप व जाग यांच्यामधली वेळ इतकी थोडी असते.

मग त्या दोन पक्षांतला कोणता केव्हा वरचढ व्हावा, हे ठरवतो कोण? याची उत्तरे दोन आहेत, आणि तळवड्याच्या कामगाराचे सारे दुःख ती दोन उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत यात आहे.

३. लाजाळूची पाने

पहिले उत्तर शोधण्याची सुरुवात एका झाडापासून झाली, आणि ते झाड आपल्या बांधाबांधावर आढळते. लाजाळूची पाने दिवसा उघडतात व रात्री मिटतात, हे सर्वांना ठाऊक होते. ती सूर्यप्रकाशामुळे उघडतात असेही सर्व जण गृहीत धरीत. १७२९ साली झां-झाक द मेराँ या फ्रेंच खगोलज्ञाने लाजाळूचे रोप अंधारात ठेवून पाहिले, तर बाहेर दिवस उजाडला की आत काळोखातही पाने उघडत. सूर्य दिसत नसताना वेळ कळते, म्हणजे वेळ मोजणारे काहीतरी झाडाच्या आत असले पाहिजे, हा त्यातून निघणारा निष्कर्ष इतका सरळ आहे की तो पुढे दोनशे वर्षे फारसा कोणी मनावर घेतला नाही, याचेच नवल वाटते.

सस्तन प्राण्यांत हे मोजमाप कोठे होते, याचा शोध १९७२ साली अमेरिकेत दोन निरनिराळ्या प्रयोगशाळांना लागला. दोन्ही डोळ्यांकडून आलेल्या चेता मेंदूच्या तळाशी ज्या ठिकाणी परस्परांना ओलांडतात, त्याच्या लगेच वर, हायपोथॅलॅमसमध्येच, चेतापेशींची एक जोडी-वस्ती आहे. दोन्ही बाजूंच्या मिळून साधारण २०,००० पेशी. ८६ अब्जांच्या लोकसंख्येत ही संख्या हिशेबातही धरू नये इतकी क्षुद्र. परंतु ही वस्ती नष्ट केलेल्या उंदरांना दिवस आणि रात्र यांत भेद उरला नाही, ते चोवीस तासांत कोणत्याही वेळी तुकड्यातुकड्यांनी झोपू लागले. १९९० मध्ये याचा आणखी सबळ पुरावा आला. ज्यांचा दिवस जन्मतःच आखूड, म्हणजे सुमारे वीस तासांचा होता, अशा हॅमस्टर जातीच्या प्राण्यांतील ही पेशींची वस्ती काढून दुसऱ्या प्राण्यांत रोवली, तेव्हा घेणाऱ्याचा दिवस देणाऱ्यासारखा आखूड झाला. आपण या वस्तीला ‘घड्याळकेंद्र’ म्हणू.

घड्याळकेंद्रातील प्रत्येक पेशी स्वतंत्रपणे वेळ मोजते. विशिष्ट जनुकांपासून काही प्रथिने तयार होतात, ती साठत साठत जाऊन ज्या जनुकांनी त्यांना घडवले त्यांनाच थांबवतात, मग झिजून नाहीशी होतात आणि काम पुन्हा सुरू होते. या एका फेरीस अदमासे एक दिवस लागतो. फळमाश्यांमध्ये ही यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या तिघांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात ही फेरी नेमकी चोवीस तासांची नसून सरासरीने २४ तास आणि सुमारे १२ मिनिटे भरते. जुन्या मोजणीने दिवसाच्या साठ घटका, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. तेव्हा आपले आतले घड्याळ रोज अर्धी घटका मागे पडते म्हणायचे. ते रोज बरोबर लावले नाही तर दोन महिन्यांत दिवसाची रात्र होईल.

लावतो कोण? उजेड. दृष्टिपटलात, पाहण्याच्या कामी येणाऱ्या पेशींहून वेगळ्या, अशा काही पेशी आहेत की ज्या चित्र पाहत नाहीत. भोवती उजेड किती आहे एवढेच त्या मोजतात आणि त्याची वर्दी थेट घड्याळकेंद्राला देतात. निळसर प्रकाशाने त्या विशेष चाळवतात, आणि उघड्या आकाशाच्या उजेडात निळा भाग भरपूर असतो. यांचा पत्ता लागला तो २००२ च्या सुमारास, म्हणजे अगदी काल-परवा. दृष्टी गेलेल्या पण या पेशी शाबूत असलेल्या काही माणसांचे घड्याळ बिनचूक चालते. उलट ज्यांना उजेड मुळीच पोहोचत नाही अशा पुष्कळ अंधांची झोप दर दिवशी थोडी थोडी पुढे सरकत जाते.

घड्याळकेंद्र आपले फर्मान दोन वाटांनी सर्व शरीराला कळवते. सायंकाळी अंधार पडला म्हणजे मेंदूच्या मध्यातील पिनिअल ग्रंथीकडून मेलॅटोनिन हे द्रव्य रक्तात सोडले जाते, आणि शरीराचे आतले तापमान हळूहळू उतरू लागते. रात्री झोपणाऱ्या माणसात ते पहाटे चार-पाचच्या आसपास सर्वांत खाली असते आणि तेथून चढू लागते. देहूच्या देवळात काकड्याची वेळ होते, त्याच्या थोडे आधीच भाविकाच्या मेंदूने दिवसाची तयारी सुरू केलेली असते.

४. रांजण

दुसरे उत्तर अगदी निराळ्या प्रकारचे आहे. अंगणातल्या रांजणात नळाची बारीक धार सोडून ठेवावी, तो दिवसभर थेंबाथेंबाने भरत जावा आणि रात्री तळाची तोटी उघडताच भराभर रिता व्हावा, तसा हा हिशेब आहे. चेतापेशी काम करताना ऊर्जा वापरतात, आणि त्या व्यवहारात अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य मागे उरते. जितका वेळ जागे राहावे तितके ते साचत जाते, जागृती राखणाऱ्या पेशींना मंद करते, आणि झोपेचा दाब वाढवते. झोपेत ते उतरते. या रांजणाला सूर्य माहीत नाही, वेळ माहीत नाही. किती वेळ जागे राहिलात, एवढेच तो जाणतो.

चहाचे काम नेमके येथे आहे. त्यातील कॅफीन अ‍ॅडेनोसिनच्या जागा आधीच अडवून बसते, त्यामुळे रांजण भरलेला असूनही भरल्याची खबर मेंदूला मिळत नाही. पाणी तेवढेच असते. शिवाय घेतलेल्या कॅफीनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. पहाटे चारला टपरीवर घेतलेल्या कडक चहाचा अर्धा अंमल सकाळी नऊला, म्हणजे नेमका अंथरुणावर पाठ टेकताना, शिल्लक असतो.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. दिवसपाळीच्या माणसाची ही दोन्ही उत्तरे एकमेकांना साह्य करतात: संध्याकाळी रांजण भरत आलेला असताना घड्याळकेंद्र त्याला काही तास थोपवून धरते, रात्री ते हात आखडते घेते, मग पहाटेपर्यंत रांजण रिता होत गेला तरी रात्रीचा अंमल झोप सांभाळून नेतो. रात्रपाळीचा माणूस सकाळी नऊला आडवा होतो तेव्हा त्याचा रांजण काठोकाठ भरलेला असतो, म्हणून तो पडल्या पडल्या झोपतो. पण त्याच वेळी तापमान चढते असते, मेलॅटोनिन बंद झालेले असते, घड्याळकेंद्र जागृतीचा पुकारा करीत असते. दोन-अडीच तासांत रांजण निम्म्यावर आला, झोपेचा दाब तेवढा उरला नाही, की घड्याळाची सरशी होते. वाजलेले असतात अकरा-साडेअकरा. त्यात खोली पत्र्याची असेल आणि महिना वैशाखाचा असेल तर तापमान उतरण्याची उरलीसुरली शक्यताही संपते. वडीलधाऱ्यांच्या उष्णतेच्या उपपत्तीत एवढे सत्य आहे, हे मान्य केले पाहिजे. निर्धाराचा येथे संबंधच येत नाही; त्या वीस हजार पेशींपर्यंत निर्धाराची वाट जात नाही.

५. पहाटेचे चार

तिसऱ्या पाळीतील अनुभवी कामगार ‘दोननंतर जड जाते’ असे जे म्हणतात ते शास्त्रास धरून आहे. पहाटे तीन ते पाच या अवधीत तापमान नीचतम, मेलॅटोनिन भरात आणि रांजण भरलेला. दोन्ही हिशेब एकाच वेळी झोपेच्या बाजूने कौल देतात. अशा वेळी संपूर्ण मेंदू एकसारखा मंदावत नाही, हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. लहान मेंदूत मुरलेली हालचाल बरीचशी चालू राहते, मस्तिष्कस्तंभ श्वास चालवतो, डोळेही उघडे असतात. ढेपाळतो तो प्रामुख्याने कपाळामागचा भाग, ज्याच्याकडे लक्ष टिकवण्याचे व अनपेक्षिताला उत्तर देण्याचे काम आहे. काही सेकंदांची डुलकी उघड्या डोळ्यांनी लागून जाते आणि ती लागली होती हे त्या माणसाला स्वतःलाही उमगत नाही. हात नेहमीप्रमाणे पत्रा ठेवतो, काढतो, ठेवतो. काम बिनबोभाट चालले आहे असे पाहणाऱ्यास वाटते. आणि पत्रा तिरका बसला, तर तो हाताने सरळ करू नये हे सांगणारा मेंदूचा भाग त्या क्षणी जागेवर नसतो. प्रेस मशिनला दोन्ही हातांनी एकदम दाबायची दोन बटणे असतात, ती याच क्षणासाठी. काम लवकर उरकावे म्हणून त्यांतले एक बटण कायमचे दाबून ठेवण्याची जी युक्ती काही ठिकाणी केली जाते, ती करणाऱ्याने दिवसाच्या मेंदूची जबाबदारी पहाटे चारच्या मेंदूवर टाकलेली असते.

घरी परतण्याचा रस्ता हा याचाच उत्तरार्ध. एक साधा हिशेब करू. दुपारी बारा वाजता उठलेला माणूस रात्री अकराला कामावर चढला आणि सकाळी सातला सुटला, तर फाटकातून बाहेर पडताना तो १९ तास जागा असतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली असे दाखवले, की सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची हाताची व नजरेची तत्परता, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते. आपल्या मोटार वाहन कायद्याने वाहन चालवणाऱ्यास घालून दिलेली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. दुचाकीवरून निगडीकडे निघालेला हा निर्व्यसनी गृहस्थ, नाकाबंदीतल्या यंत्रात फुंकला तर निर्दोष सुटेल. कंपनीची बस असणे ही सोय किती मोलाची आहे, हे तिच्या वेळेवरून कुरकुर करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

६. पाळीचे वेळापत्रक आणि मेंदूचे गणित

सवय का जडत नाही, हा दुसरा प्रश्न राहिला. घड्याळकेंद्र हट्टी असले तरी अचल नाही. उजेडाची वेळ बदलली तर ते सरकते, पण दिवसाला साधारण एक तास या मानाने. आता पाळ्या सात ते तीन, तीन ते अकरा आणि अकरा ते सात अशा असून दर आठवड्याला त्या बदलतात असे धरू. पहिल्या पाळीत झोप रात्री दहाला, दुसरीत मध्यरात्रीनंतर एकला, तिसरीत सकाळी नऊला. पहिलीवरून दुसरीवर जाताना घड्याळ तीन तास पुढे ढकलायचे, ते तीन दिवसांत जमते. दुसरीवरून तिसरीवर जाताना आठ तास ढकलायचे, त्याला आठ दिवस हवेत, आणि रात्री असतात सहा. तिसरीवरून पुन्हा पहिलीवर यायला तेरा तास. बेरीज करा: तीन, आठ आणि तेरा मिळून चोवीस. एकवीस दिवसांत पूर्ण प्रदक्षिणा घालण्याचा हुकूम अशा यंत्रणेला आहे, की जिला त्यासाठी चोवीस दिवस लागतील. आणि तेही उजेडाने कोठे आडकाठी केली नाही तर. बिचारे घड्याळ मुक्कामास पोहोचायच्या आत मुक्काम हलतो.

फेरीची दिशाही येथे महत्त्वाची ठरते. पहिली, दुसरी, तिसरी या क्रमात झोप दर वेळी उशिरा जाते, आणि आपले घड्याळ मुळातच अर्धी घटका उशीर करणारे असल्याने ते त्याच्या स्वभावास मानवते. तिसरी, दुसरी, पहिली असा उलटा क्रम लावला तर झोप दर वेळी अलीकडे ओढावी लागते, आणि ती ओढणे फार जड जाते. अमेरिकेतील यूटा राज्यातल्या एका खनिज कारखान्यात हा उलटा साप्ताहिक क्रम चालू होता. चार्ल्स झाइस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सुलटा केला, बदलाची मुदत एका आठवड्यावरून तीन आठवड्यांवर नेली, आणि कामगारांचे समाधान, प्रकृती व उत्पादन या तिन्हींत सुधारणा दिसल्याचे १९८२ साली प्रसिद्ध केले. यंत्रे तीच, माणसे तीच. फक्त हजेरीपटावरील रकान्यांचा क्रम बदलला होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याचे ४८ तास ठरवून दिले, तो त्या काळी मोठा विजय होता यात शंका नाही. तथापि तास किती, या प्रश्नाइतकेच तास कोणते, याचेही महत्त्व आहे, आणि हे दुसरे ठरवणारा माणूस बहुधा वेळापत्रक लिहिणारा कारकून असतो, ज्याला घड्याळकेंद्राचे नावही कोणी सांगितलेले नसते.

झोप तुटल्याची किंमत केवळ जांभयांत मोजून भागत नाही. दिवसभरात शिकलेले काही काळ मेंदूच्या आतल्या बाजूस, हिप्पोकॅम्पस नावाच्या वळणदार भागात राहते आणि झोपेत त्याची मोठ्या मेंदूच्या थरांशी नीट बांधणी होते. नव्या यंत्रावरचे प्रशिक्षण तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात ठेवणे हा म्हणूनच शुद्ध अपव्यय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली, आणि पुन्हा २०१९ साली, रात्रपाळीच्या कामाची गणना कर्करोगास बहुधा कारणीभूत होणाऱ्या गोष्टींत केली आहे.

७. सकाळच्या उन्हाचा वाटा

मग कायमची रात्रपाळीच घेतली तर? घड्याळ एकदा फिरले की फिरले, असे वाटणे साहजिक आहे, आणि तळवड्याच्या संगणक कंपन्यांत परदेशी ग्राहकांच्या वेळेनुसार रात्री बसणारे पुष्कळ तरुण याच भरवशावर असतात. प्रत्यक्षात, कायम रात्रपाळी करणाऱ्यांच्या मेलॅटोनिनच्या मोजण्या एकत्र करून पाहिल्या असता, ज्यांचे घड्याळ पूर्णपणे उलटले आहे अशी माणसे शेकडा तीनहूनही कमी आढळली. याचे मुख्य कारण म्हणजे परतीच्या वाटेवरचे ऊन. तापमानाचा नीचांक होऊन गेल्यानंतर डोळ्यांत गेलेला उजेड घड्याळाला अलीकडे, म्हणजे दिवसपाळीच्या दिशेने ओढतो. रात्रभर कंपनीच्या दिव्यांनी जे थोडेबहुत पुढे ढकलले असेल, ते सकाळच्या अर्ध्या तासाच्या लखलखीत उजेडात परत जाते. गडद काचेचा चष्मा लावून घरी यावे, खिडकीला जाड काळे कापड लावावे, चहा मध्यरात्रीपूर्वीच घ्यावा, कामावर जाण्याआधी संध्याकाळी तासभर पडून रांजण थोडा उतरवून घ्यावा, हे सल्ले म्हणूनच उपयोगी आहेत. शेजारचा मिक्सर आणि शाळेतून आलेली मुले यांवर मात्र शास्त्राने उपाय दिलेला नाही.

उत्तर समुद्रातील तेलविहिरींच्या फलाटांवर सलग दोन आठवडे रात्री काम करणाऱ्या माणसांचे घड्याळ आठवड्याभरात बरेचसे उलटते, असे तेथील अभ्यासांत दिसून आले आहे. त्यांना सकाळी घरी जायचे नसते. झोपण्याची खोली कामापासून काही पावलांवर, ऊन लागत नाही, मुलेबाळे जवळ नाहीत, आणि मधे सुट्टीही नाही. आपल्याकडे या औद्योगिक पट्ट्यातील पुष्कळ कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. बुधवारपर्यंत पाच-सहा रात्री जागून ज्याने घड्याळ कसेबसे चार-पाच तास सरकवले आहे, तो गुरुवारी दिवसा जागा राहतो, मुलांना घेऊन देहूला जाऊन येतो, दुपारी नदीकाठच्या उन्हात बसतो आणि रात्री घरच्यांबरोबर दहाला झोपतो. शुक्रवारी रात्री अकराला पंच करताना त्याच्या मेंदूत ही पहिली रात्र असते.